दुकान मोठे, दार लहान



गेल्या रविवारी विहारातली बैठक आटोपून आम्ही चपला शोधीत होतो, तेवढ्यात आमच्या मागच्या चाळीतली एक मुलगी आईला घेऊन आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. मुलगी सात वर्षे शहरातल्या एका मोठ्या शॉपिंग सेंटरमध्ये, कपड्यांच्या दुकानात सेल्सगर्ल होती. एका संध्याकाळी सुपरवायझरने सगळ्या मुलींना गोळा करून सांगितले की ही शाखा बंद झाली, उद्यापासून येऊ नका. राहिलेल्या पगाराचे विचारले तर म्हणाला, तुम्ही आमच्या नाहीत, एजन्सीच्या, तिकडे विचारा. एजन्सीत गेली तर तिथला बाबू म्हणाला, दुकानाकडून पैसे आल्याशिवाय आम्ही कुठून देणार?

तिची आई म्हणाली, "भाऊ, एवढं मोठं दुकान. एवढ्या लाईटी, एवढा एसी, रविवारी तर पाय ठेवायला जागा नसायची. असं दुकान बुडतं कसं?"

आम्ही बी.कॉम. आहोत आणि कारकुनी करतो, म्हणून असले प्रश्न आमच्याकडे येतात. त्या माउलीला उभ्या उभ्या दोन शब्दांत काय सांगणार? घरी आलो तरी प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून आजचा हा स्तंभ.

मुंबईत मोठ्या दुकानांचा पहिला बहर आला तो फोर्टात, साहेबाच्या राज्यात. काळ्या घोड्याजवळ १८९१ साली आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स उघडले. गंमत अशी की ही मूळची सहकारी संस्था. लंडनमध्ये १८७१ साली लष्करी अधिकाऱ्यांनी माल स्वस्त मिळावा म्हणून आपल्यापुरती काढलेली. सहकार होता, पण साहेबांपुरता. जवळच हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, व्हाइटवे लेडलॉ कंपनीचे दुकान होते. तिथे उधारी नाही, सगळा व्यवहार रोखीचा. म्हणून इंग्रज लोक कंपनीच्या नावावरच कोटी करून तिला 'राइट अवे अँड पेड फॉर' म्हणत. म्हणजे पैसे टाका आणि लगेच घेऊन जा. आमच्या आजोबांसारख्या माणसाला इथे मज्जाव आहे अशी पाटी त्या दुकानांवर होती, असे आम्ही म्हणत नाही. पाटीची गरजच नव्हती. काचेतला माल, दारातला पट्टेवाला आणि किमतीची चिठ्ठी एवढे पुरेसे होते.

१९४७ नंतर साहेब गेले आणि त्यांच्यावर चालणारा धंदाही गेला. व्हाइटवेच्या इमारतीत पुढे कित्येक वर्षे खादीचे दुकान चालले. आर्मी अँड नेव्हीच्या इमारतीत आपल्या काळात टाटांचे वेस्टसाइड आले. त्याच दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या इस्माईल बिल्डिंगमध्ये २०१७ साली झारा नावाची परदेशी कपड्यांची कंपनी मोठा गाजावाजा करून आली, आणि २०२५ साली तीही तिथून निघून गेली. इमारत उभी आहे, पाटी बदलते.

त्या रस्त्याच्या टोकाला मात्र एक बाजार आहे. १८६९ साली बांधलेले क्रॉफर्ड मार्केट, आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. तिला दीडशे वर्षे उलटून गेली. मंडईच्या दारात कोणी कोणाचे कपडे पाहत नाही. गाडीतून आलेली बाई आंब्याची पेटी घेते, आमच्यासारखा कारकून किलोभर घासाघीस करतो, आणि दोघांचा माल डोक्यावर वाहून नेणारा पाटीवालाही त्याच दाराने जातो. साहेबांची दुकाने गेली, मंडई राहिली. यात व्यापाराचे एक साधे गणित आहे: ज्या दुकानाला एकाच वर्गाचे गिऱ्हाईक, ते त्या वर्गाबरोबर जाते.

आपल्या कामगार वस्त्यांनी स्वतःचे मोठे दुकानही उभे केले होते, हे नव्या पिढीला ठाऊक नसेल. १९४८ साली नायगावात गिरणी कामगारांच्या वस्तीत ग्राहकांची सहकारी संस्था निघाली, तिचेच पुढे अपना बाजार झाले. सहकारी भांडार १९६८ सालचे. आमच्या आईला दिवाळीचा रवा, साखर, तेल अपना बाजारचेच लागे. 'तिथं वजन मारत नाहीत' एवढेच तिचे कारण होते. आर्मी अँड नेव्हीही सहकारी आणि अपना बाजारही सहकारी, पण पहिल्यात सभासद साहेब आणि दुसऱ्यात सभासद बदली कामगार. पुढे मोठ्या भांडवलाची साखळी दुकाने आली, तेव्हा ही सहकारी दुकाने मागे पडली. आपले लोकही तिकडे गेले. आम्हीही गेलो, खोटे कशाला बोला!

आता मॉलकडे वळू. १९९९ साली ताडदेवला, एका औषधाच्या कारखान्याच्या जागेवर, क्रॉसरोड्स उघडला. मुंबईतला पहिला मॉल म्हणून त्याचे केवढे कौतुक झाले! आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. लोक माल घ्यायला कमी आणि सरकता जिना पाहायला जास्त जात. झुंबड एवढी झाली की चालकांनी दारावर अट घातली: ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड किंवा मोबाईल फोन असेल त्याला आत सोडायचे, बाकीच्यांनी साठ रुपये भरायचे. त्या काळी मोबाईल म्हणजे श्रीमंतीचे लक्षण होते. टीका झाली आणि ती अट काही काळाने मागे घेतली गेली. पण दार कोणासाठी आहे हे एकदा सांगून झाले होते. पुढे त्या मॉलचे नाव बदलले, मालक बदलले, आजूबाजूला नवे मॉल झाले, आणि सोबो सेंट्रल नावाच्या त्या इमारतीत एकेक गाळा रिकामा होत गेला. ज्या दाराला एके काळी गर्दी नको होती, त्या दारावर नंतर गिऱ्हाईकाची वाट पाहायची पाळी आली. कोणाच्या पडत्या काळाचा आनंद मानायची आपली रीत नाही. पण ताडदेवच्या बसमधून जाताना साठ रुपये आठवतात, एवढे मात्र खरे.

आमचा स्वतःचा एक अनुभव सांगतो. ते दुकान वेगळे. नाव देत नाही. बी.कॉम.चा निकाल लागला म्हणून आम्ही तिघे मित्र एका मोठ्या दुकानात शर्ट घ्यायला गेलो. रखवालदार एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर आमच्या मागे मागे. शर्ट न घेताच बाहेर पडलो, तर दारात त्याने आमच्या पिशव्या उघडून पाहिल्या. मान वर केली तेव्हा ओळख पटली. आमच्याच वस्तीतला माणूस, भीमजयंतीच्या मिरवणुकीत पुढे लेझीम खेळणारा. पिशवी परत देताना हळूच म्हणाला, "जयभीम. राग मानू नका, वरून कॅमेरा आहे." आम्हाला राग त्याचा आला नाही. त्याला आमच्या मागे धाडणारा काचेच्या खोलीत बसला होता.

आता त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर. एवढे मोठे दुकान बुडते कसे? आकडे समजण्यापुरते धरा. दुकानात शंभर रुपयांची विक्री झाली. त्यात साठ रुपये मालाच्या खरेदीचे, वीस जागेच्या भाड्याचे, दहा वीज, एसी आणि जाहिरातीचे, पाच सगळ्या नोकरांच्या पगाराचे, पाच नफा. आता विक्री शंभरावरून पंचाहत्तरवर आली. माल कमी विकला म्हणून त्याचा खर्च पंचेचाळीस झाला. पण भाडे वीसच. दिवे तेवढेच, एसी तेवढाच. खर्च झाला ऐंशी, हाती आले पंचाहत्तर. पाच रुपये तोटा! रविवारची गर्दी पाहून आपल्याला वाटते, काय धंदा चाललाय! पण गर्दी थंड हवा खायला आली होती की बिल करायला, हे गल्ल्याला विचारावे लागते.

तोटा आला की मालक कात्री कुठे लावतो? भाड्याला नाही, करार असतो. विजेला नाही. शंभरातले जे पाच रुपये पगाराचे, तिथे पहिली कात्री लागते. म्हणून दुकान बंद व्हायच्या सहा महिने आधी मुली कमी होतात, आणि उरलेल्या मुलींनी दोघींचे काम करायचे असते. या मुलीच्या दुकानात तसेच झाले होते.

भाडे हे मोठ्या दुकानाच्या गळ्यातले जाते आहे. डीमार्ट २००२ साली पवईला सुरू झाले. ते पुष्कळशा जागा भाड्याने न घेता विकत घेतात, त्यामुळे दर महिन्याला घरमालकाचे तोंड पाहावे लागत नाही. उलट बिग बझारचे पाहा. त्यांनी गर्दीला दार उघडले. २००६ सालच्या २६ जानेवारीला 'सबसे सस्ता दिन' केला, तेव्हा लोक नुसते तुटून पडले. आपल्या वस्तीतल्या बायांना तिथे कोणी अडवत नव्हते, ट्रॉली ढकलत निवांत फिरता येत होते. हे त्यांचे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण कर्ज वाढत गेले, २०२० सालच्या टाळेबंदीत विक्री बसली, भाडी थकली, आणि २०२२ साली त्यांची कितीतरी दुकाने रिलायन्सच्या ताब्यात गेली. मूळ कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीच्या कोर्टात उभी राहिली. म्हणजे गिऱ्हाईक होते तरी दुकान गेले. घरभाडे आणि व्याज एका खिशातून भरायचे असेल तर काय होते, हे चाळीतल्या माणसाला समजावून सांगायला नको.

महाराष्ट्रातले मॉल त्या टाळेबंदीत मार्चपासून बंद होते, ते २०२० च्या ५ ऑगस्टला उघडले. त्यानंतर लोकांना घरबसल्या फोनवरून माल मागवायची सवय लागली. आता काउंटरवरची मुलगी कमी झाली आणि पाठीवर पेटी घेऊन जिने चढणारा तिचा भाऊ वाढला. त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहू.

मग टिकतो कोण? ज्याची जमीन, तो. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या आवारात आज झगमगाट आहे. तो मॉल चालतो, उत्तम चालतो. जागा गिरणीचीच, चिमणीही तिथेच उभी. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण ही जमीन आणि आपली माणसे यांचा जुना हिशेब आहे.

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना विणकाम खात्यात घेत नसत. साच्यावर धोट्यातली कांडी बदलताना सूत तोंडाने ओढावे लागे. तोंड लावलेल्या धोट्याला विटाळ कसा चालेल? म्हणून आपला माणूस कमी पगाराच्या खात्यात, आणि जास्त पगाराचे साचे दुसऱ्यांकडे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. सगळ्या खात्यांत अस्पृश्य कामगारांना काम मिळाले पाहिजे, ही मागणी घेणार नसाल तर आमच्या माणसांनी तुमच्या संपात का यावे, असे त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना रोखठोक विचारले. आमचे वडील त्यानंतर कितीतरी वर्षांनी गिरणीत लागले, तेही थ्रॉसल खात्यातच. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा दोन वर्षांचे. वडील पुन्हा गिरणीत गेले नाहीत. परळच्या नाक्यावर भाजीची गाडी लावली.

संप कोणी मागे घेतला नाही, गिरण्याच उठल्या. राहिली जमीन, सुमारे सहाशे एकर, आणि तीही शहराच्या मध्यावर. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर ढोबळमानाने एक तृतीयांश शहराला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला, अशी वाटणी होती. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती राहिली. ज्या जमिनीवर शेड उभी होती ती वाटणीतून सुटली. उच्च न्यायालयाने २००५ साली वेगळा निकाल दिला होता, पण २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा नियम उचलून धरला. दुकानाचे नशीब जमिनीवर ठरते, आणि जमिनीचे असे ठरले.

वडील आता नाहीत. शेवटच्या वर्षांत एकदा आम्ही त्यांना गिरणीच्या जागेवर झालेला मॉल दाखवायला नेले होते. दारात त्यांनी आपणहून दोन्ही हात वर केले. आम्ही विचारले, "बाबा, हे काय?" म्हणाले, "झडती द्यायची ना?" गिरणी सुटताना रोज झडती होई, सुताची गुंडी कोणी चोरून नेत तर नाही ना, म्हणून. ती सवय अंगात राहिली होती. रखवालदार हसला. ही गोष्ट आम्ही त्या मुलीला सांगितली, तर ती म्हणाली, "काका, आमची पण होते की रोज. निघताना पर्स उघडायची, मग मॅडम अंगावरून हात फिरवतात."

गिरणी गेली, मॉल आला, झडती तेवढी राहिली.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, तीही लिहून ठेवतो. दहा तास उभे राहायचे. गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही. बसलेली मुलगी कॅमेऱ्यात दिसली की पगार कापला. पाण्याची बाटली काउंटरवर ठेवायची नाही. लघवीला जायचे तर सुपरवायझरला सांगून जायचे. मग मुली पाणीच पीत नाहीत. सव्विसाव्या वर्षी तिच्या पोटऱ्यांवर शिरा फुगल्या आहेत. केरळात कोझिकोडच्या मिठाई तेरुवू बाजारातल्या दुकानांत काम करणाऱ्या बायांचे असेच हाल होते. पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र केले. आधी लघवीच्या जागेसाठी भांडल्या, मग बसण्यासाठी. २०१८ साली केरळ सरकारने दुकानांचा कायदा सुधारला आणि बसण्याची सोय ठेवणे मालकावर बंधनकारक केले. २०२१ साली तामिळनाडूनेही तसे केले. एक स्टूल मिळवायला कायदा करावा लागला! पण झाला, आणि बाजारातल्या बायांनी करवून घेतला.

आता कागदांबद्दल. मुलीच्या पिशवीत आम्हाला काय सापडले? दुकानाच्या बिल्ल्याची झेरॉक्स, 'उत्कृष्ट विक्री'चे एक प्रमाणपत्र, आणि चार पगाराच्या पावत्या. सात वर्षांत तीन एजन्स्या बदलल्या, जागा तीच, काउंटर तोच, सुपरवायझरही तोच. एजन्सी का बदलते? ग्रॅच्युइटीला साधारणपणे सलग पाच वर्षांची नोकरी लागते. दर दोन-अडीच वर्षांनी कागदावरचा मालक बदलला की पाच वर्षे कधी भरतच नाहीत. निदान तसे दाखवता येते. मोबाईलवर तिचे भविष्य निर्वाह निधीचे पासबुक उघडले, तर पहिल्या दोन एजन्स्यांचे पैसे जमा दिसले. तिसरीने पगारातून कापले, पण शेवटच्या अकरा महिन्यांत भरल्याची नोंद नाही.

अशा मुलींनी एवढे तरी करावे. दर महिन्याची पावती जपावी. कागदाची मिळत नसेल तर मोबाईलवर आलेल्या पगाराच्या मेसेजचा फोटो ठेवावा. हजेरीच्या वहीचा, ड्यूटीच्या तक्त्याचाही ठेवावा. पासबुक तीन महिन्यांतून एकदा उघडून पाहावे. आणि 'तुम्ही आमच्या नाहीत' हे दुकानाचे बोलणे शेवटचे मानू नये. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाने द्यावा, असे कायदा सांगतो. आम्ही वकील नाही, पण कारकून आहोत. कागदावर तारीख आणि सही असली की साहेबाचा आवाज खाली येतो, हे आम्ही रोज ऑफिसात पाहतो.

मंगळवारी अर्धी रजा टाकून आम्ही तिच्याबरोबर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेलो. दुकान आणि एजन्सी दोघांच्या नावाने अर्ज दिला, पोच घेतली. निधीच्या कार्यालयातही तक्रार नोंदवली. पुढची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. आई म्हणाली, "भाऊ, तोवर घरात बसून कसं चालंल?" ती बसलेली नाही. दादरला एका जुन्या साडीच्या दुकानात लागली आहे. पगार थोडा कमी, पण मालकाने स्वतः नेमणुकीची चिठ्ठी दिली, आणि काउंटरच्या मागे स्टूल आहे.

तिच्याबरोबर त्या दिवशी आणखी अकरा मुली घरी गेल्या. त्यांतल्या चौघींचा पत्ता लागला. बाकीच्या कोणाच्या घरी हा अंक जात असेल, तर असतील तेवढे कागद घेऊन रविवारी विहारात यावे. बारा वाजेपर्यंत आम्ही तिथे असतो.